मास्टर इमेज (ऑपरेटिंग सिस्टीमची)

मास्टर इमेज : एका संगणकावर नीट बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावरची सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज यांसह एका फाइलमध्ये साठवून इतर अनेक संगणकांवर उतरवता येईल अशी तयार केलेली प्रत. ‘गोल्डन इमेज’ हेही नाव रूढ आहे. महाविद्यालयांच्या लॅब, बँकांच्या शाखा, कॉल सेंटर, सरकारी कचेऱ्या, जिथे जिथे शे-दोनशे यंत्रे एकसारखी हवी असतात तिथे ही पद्धत चालते. यात प्रत काढणे हा सोपा भाग. मूळ यंत्राची ओळख त्या प्रतीला चिकटून येते. ती पुसणे हे खरे किचकट काम, आणि या तंत्राचा बहुतेक इतिहास त्या पुसण्याचाच आहे.

विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतली तर तब्बल १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. त्यानंतर प्रिंटर, ऑफिस, अँटिव्हायरस. एका यंत्राला अर्धा दिवस जाई, मग लॅबमधल्या तीस यंत्रांचा हिशेब काय असेल! त्याच १९९५ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीसाठी मरी हॅझार्ड यांनी ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम लिहिला. डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, सबंध डिस्क ‘जीएचओ’ फाइलमध्ये ओतायची आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, एवढाच त्याचा व्यवहार. पुढे नेटवर्कवरून एकाच वेळी अनेक यंत्रांना प्रत पाठवण्याची सोय आली, १९९८ मध्ये सिमँटेकने घोस्ट विकत घेतला आणि ‘नॉर्टन घोस्ट’ हे नाव हार्डवेअरच्या बाजारात सर्वतोमुखी झाले. २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली. घोस्ट हे ‘जनरल हार्डवेअर-ओरिएंटेड सिस्टीम ट्रान्सफर’ याचे लघुरूप. नावात हार्डवेअर होते खरे, पण हार्डवेअर बदलले की उतरवलेली प्रत हटकून अडून बसे.

अडण्याची कारणे दोन. विंडोज एक्सपीपर्यंत ‘हॅल’ म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या मधला थर इन्स्टॉल होतानाच एकदा निवडला जाई. नव्या पद्धतीच्या बोर्डावर घेतलेली प्रत जुन्या बोर्डावर गेली की संगणक सुरूच होत नसे. व्हिस्टापासून विंडोज योग्य हॅल स्वतः ओळखते, त्यामुळे ही डोकेदुखी संपली. दुसरे कारण मात्र आजही जिवंत आहे : डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर. सुरू होताना विंडोजला स्वतःची डिस्कच दिसली नाही तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश घेऊन निळा पडदा येतो. बायोसमध्ये डिस्क जोडणीच्या जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर ठेवून घेतलेली इमेज नव्या ‘एएचसीआय’ पद्धतीवर ठेवलेल्या यंत्रात उतरवली की हा पडदा हमखास दिसे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू असतो. त्याचा ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल, तर कोरा करकरीत लॅपटॉप डिस्कच नाही म्हणून सांगतो. एक्सपीच्या काळात म्हणूनच मॉडेलगणिक वेगळी इमेज ठेवली जाई. कपाटात डीव्हीडींची चळत आणि प्रत्येकीवर मार्करने लिहिलेला मॉडेल क्रमांक, असा तो संसार होता.

व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने ‘विम’ ही फाइलरचना आणली. घोस्टची मूळ पद्धत डिस्कचे विभाग उचलण्याची. विम फाइली उचलते. एकच फाइल दहा ठिकाणी असली तरी विममध्ये ती एकदाच साठवली जाते, आणि होम व प्रो अशा दोन आवृत्त्या एकाच विममध्ये सुखाने नांदतात. लहानमोठ्या डिस्कचा प्रश्नही त्यामुळे उरला नाही. विंडोज ७ पासून मिळणाऱ्या ‘डिझम’ या साधनाने विम फाइल नुसती उघडून, संगणक सुरू न करता, तिच्यात ड्रायव्हर आणि अपडेट घालता येतात. घरी पेनड्राइव्हवरून विंडोज टाकणाऱ्याला कदाचित हे माहीत नसेल, पण तोही मास्टर इमेजच उतरवत असतो : व्हिस्टापासून विंडोजचे इन्स्टॉलेशन म्हणजे मायक्रोसॉफ्टने आधीच तयार करून ठेवलेली ‘इन्स्टॉल डॉट विम’ डिस्कवर पसरणे. ही फाइल ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ पेनड्राइव्ह तिला घेत नाही, मग तिचे तुकडे करावे लागतात.

ओळख पुसण्याचे काम विंडोजमध्ये ‘सिसप्रेप’कडे असते. जाणकार मंडळी मूळ यंत्र म्हणून खरा संगणक न घेता व्हर्च्युअल मशीन घेतात, म्हणजे कुठल्या कंपनीचे ड्रायव्हर मुळातच चिकटत नाहीत. विंडोज पहिल्यांदा भाषा आणि देश विचारते त्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबले की ‘ऑडिट मोड’ सुरू होतो. तिथे खाते न उघडता सॉफ्टवेअर टाकायची, सेटिंग्ज लावायच्या, मशीनचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि सिसप्रेपला ‘जनरलाइज’ पर्यायासह चालवायचे. संगणकाचे नाव, सुरक्षा ओळखक्रमांक, जोडलेल्या हार्डवेअरच्या नोंदी, लॉग असे सारे निघून जाते आणि मशीन बंद होते. बंद झालेले मशीन पुन्हा चालू न करता इमेज घ्यायची, कारण चालू केले की ते नवी ओळख धारण करते आणि केलेले काम पाण्यात जाते.

सिसप्रेप वरचेवर रुसतो. सर्वांत जास्त तक्रार मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या ॲपबद्दल. ऑडिट मोडमध्ये इंटरनेट जोडलेले राहिले की स्टोअर गुपचूप एखादे ॲप अद्ययावत करतो. ते एका वापरकर्त्यापुरते बसते, सर्वांसाठी नाही, आणि सिसप्रेप तिथेच थांबतो. पडद्यावर मोघम चूक दिसते. नेमके कुठले ॲप आडवे आले ते सिसप्रेपच्या फोल्डरमधल्या ‘पँथर’ या उपफोल्डरातल्या लॉगमध्ये लिहिलेले असते. डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल तरीही सिसप्रेप नकार देतो. एकाच इमेजवर सिसप्रेप किती वेळा चालवायचा यालाही मर्यादा आहे. विंडोज ७ मध्ये ती फक्त ३ होती, आता १,००१ आहे; या आकड्यापर्यंत कुणी पोहोचत असेल असे वाटत नाही.

ओळखक्रमांकाची, म्हणजे ‘सिड’ची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. विंडोज बसताना प्रत्येक यंत्राला एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो आणि त्या यंत्रावरच्या खात्यांचे क्रमांक त्याच्यापुढे शेपूट जोडून तयार होतात. अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटरचे शेपूट नेहमी ५००. घोस्टने प्रत काढली की सगळ्या यंत्रांचा सिड एकच. हे धोक्याचे, असे दशकभर मानले गेले, आणि सिड बदलणारी साधने निघाली. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचे ‘न्यूसिड’ त्यांत सर्वांत लोकप्रिय. सिसइंटर्नल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रुसिनोविच यांनीच लेख लिहून सांगितले, की यंत्राचा सिड त्या यंत्राबाहेर वापरलाच जात नाही, त्यामुळे तो दोन ठिकाणी सारखा असला तर बिघडत काही नाही. अपवाद डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कवरची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा. न्यूसिड निवृत्त झाले. प्रती सिसप्रेपनेच तयार करा, हा मायक्रोसॉफ्टचा आग्रह मात्र कायम राहिला. अनेकांनी लेखातला पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा सोडून दिला. सोळा वर्षांनी त्याची वसुली झाली. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आणि विंडोज सर्व्हर २०२५ या आवृत्त्या सिड तपासू लागल्या. सारखा सिड असलेली दोन यंत्रे एकमेकांना ओळख पटवेनात : शेअर केलेले फोल्डर उघडेनात, रिमोट डेस्कटॉप बरोबर पासवर्ड देऊनही पुन्हा पुन्हा पासवर्ड मागे. अशी यंत्रे मान्य पद्धतीने नव्याने बांधा, हाच मायक्रोसॉफ्टने सांगितलेला कायमचा उपाय.

सिडवर एवढी चर्चा झाली, पण खरा त्रास देणारे क्रमांक दुसरेच होते. विंडोजचे अपडेट वाटणारा डब्ल्यूएसयूएस सर्व्हर प्रत्येक यंत्राला त्याच्या स्वतंत्र क्रमांकावरून ओळखतो. न पुसलेल्या प्रतींत तो क्रमांक एकच असतो, त्यामुळे लॅबमध्ये चाळीस संगणक आणि सर्व्हरच्या यादीत एकच, तोही दर तासाला नाव बदलणारा! जणू एकाच आधार क्रमांकावर चाळीस जण रेशन उचलत आहेत. केएमएस सर्व्हरवरून विंडोज ॲक्टिव्हेट करणाऱ्या संस्थांत दुसरी गंमत होई. तिथे किमान २५ वेगळे संगणक मोजले गेल्याशिवाय ॲक्टिव्हेशन सुरूच होत नाही, आणि सारख्या क्रमांकाचे शंभर संगणक जोडले तरी मोजणी एकच राहते.

लिनक्समध्ये हार्डवेअरचा प्रश्न बराच सौम्य आहे, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. तरी फेडोरा आणि रेड हॅट परिवारात सुरुवातीची बूट फाइल त्या त्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर घेऊन बनते, त्यामुळे तिथल्या प्रतीही अनोळखी कंट्रोलरवर अडतात. अशा वेळी बूट मेनूतली ‘रेस्क्यू’ नोंद कामी येते, कारण तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. प्रती काढण्यासाठी तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले ‘क्लोनझिला’ हे मुक्त साधन सर्रास वापरतात. ते डिस्कचा वापरलेला भागच उचलते आणि विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींना चालते. मात्र ओळख पुसून देणे हे त्याचे काम नव्हे.

भारतात याचे ठळक उदाहरण केरळचे. तिथल्या ‘काइट’ या शासकीय संस्थेने उबुंटू १८.०४ वर बेतलेली, शालेय सॉफ्टवेअर आधीच भरलेली प्रणाली २०१९ मध्ये काढली, ती सरकारी शाळांतल्या दोन लाखांवर संगणकांसाठी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली, मराठीसह भारतीय भाषांत चालणारी प्रणालीही अशीच तयार इमेज म्हणून मिळते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची कटकट नसते. विंडोजचे तसे नाही : लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या लॅपटॉपपुरता असतो, आणि स्वतःची इमेज अनेक यंत्रांवर उतरवायची तर संस्थेकडे व्हॉल्यूम परवान्याची प्रत लागते. छोट्या संस्थांत हा मुद्दा सहसा ऑडिटच्या वेळीच आठवतो.

अलीकडे कार्यालयीन संगणकांपुरती ही पद्धत मागे पडते आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणलेल्या ‘ऑटोपायलट’मध्ये कारखान्यातून आलेली विंडोज तशीच ठेवतात आणि सॉफ्टवेअर व नियम इंटरनेटवरून उतरतात, ॲपलनेही मॅकवर इमेज उतरवण्याची वाट जवळपास बंद केली आहे. क्लाउडमध्ये मात्र उलट आहे. तिथला प्रत्येक सर्व्हर इमेजमधूनच जन्मतो, आणि ‘क्लाउड-इनिट’ हा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होताना त्याला नाव आणि एसएसएचच्या नव्या किल्ल्या देतो. हाताने व्हर्च्युअल मशीनच्या प्रती काढणाऱ्यांना या गोष्टी स्वतः आठवणीने कराव्या लागतात. उबुंटू १८.०४ आल्यावर अनेकांना हे कळले : ‘मशीन-आयडी’ची फाइल रिकामी न करता काढलेल्या दोन प्रती, नेटवर्क कार्डांचे पत्ते वेगळे असूनही, नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून एकच आयपी पत्ता घेऊन बसत.