देवघरातले तुकोबा

आजीच्या देवघरातली तुकोबांची तसबीर खरं तर विष्णुपंत पागनीसांची होती. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून जास्त चालला, आणि संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका केलेला हा नट घरोघरी संत होऊन बसला. लोक त्यांच्या पाया पडत. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, पण देवघरांना त्याच्याशी काय देणंघेणं?

मला फसवलं ते गाण्यानं. तुकोबांचे निवडक अभंग इंग्रजीत आणत होते. आजोबा गेले त्या रात्री आजी एका बीजातून उगवणाऱ्या कोटी झाडांचा अभंग पुटपुटत बसली होती. तो यादीत हवाच होता. दोन दिवस गाथा चाळली. सापडेना. तो शांताराम आठवल्यांनी याच चित्रपटासाठी लिहिलेला निघाला. वळण इतकं तुकोबांचं, की भल्याभल्यांनी तो गाथेत शोधल्याचं सांगतात. शेवटी ‘तुका म्हणे’ नाही, हे मला तरी आधीच खटकायला हवं होतं.

अनुवाद झाला होता. पुस्तकातून तो काढला, आणि आजीची इतक्या वर्षांची समजूत चुकीची ठरली म्हणून हळहळत आईला फोन केला.

“समजूत कसली?” आई म्हणाली. “तिनं सिनेमा तीनदा पाहिला होता. तसबिरीतले पागनीस आहेत, हे तिनंच मला सांगितलं.”