डेव्हिडचं पान ते फोनची स्क्रीन: नग्न चित्रांबद्दल मुलांशी कसं बोलायचं?

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका. यात आक्षेपार्ह काही नाहीये. पण घरात स्पीकरवर ‘नग्नता’ हा शब्द वाजला की आतून आवाज येणारच, “काय ऐकतोयस रे?” आणि आजचा विषय नेमका तोच अवघडलेपणा आहे.

समजा, तुमची दहा वर्षांची भाची वेरूळला एखादी मूर्ती बघून विचारते, “हिने कपडे का नाही घातले?” आपण म्हणतो, “कला आहे ती, चल पुढे.” संध्याकाळी तिला फोनवर एखादं तसलंच रील दिसतं आणि आपण फोन हिसकावून घेतो. तिच्या डोक्यात साधा हिशोब सुरू होतो: दोन्हीकडे कपडे नाहीत, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? प्रश्न रास्त आहे. आणि मोठ्या माणसांनी गेली पाचशे वर्षं त्यावर एकच उपाय केलाय: झाका!

मायकेलअँजेलोने व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये ‘लास्ट जजमेंट’ हे भित्तिचित्र 1541 मध्ये पूर्ण केलं. त्यातल्या नग्न आकृत्यांवरून वाद पेटला, आणि 1565 मध्ये डानिएले दा व्होल्टेरा या चित्रकाराला त्यांच्यावर वस्त्रं रंगवायचं काम मिळालं. गडी स्वतः चांगला कलाकार, पण लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘चड्डीवाला’. आजही तो त्याच नावाने ओळखला जातो.

पुढे 1857 मध्ये मायकेलअँजेलोच्याच ‘डेव्हिड’ पुतळ्याची प्लास्टरची प्रतिकृती व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून लंडनला आली. राजघराण्यातल्या स्त्रिया बघायला आल्या तर काय, म्हणून प्लास्टरचं एक अंजिराचं पान बनवलं गेलं. आकार जवळपास अर्धा मीटर! पुतळ्याला दोन हुक होते. पाहुणे आले की पान लावायचं, गेले की काढायचं. आता सांगा, ते पान लावल्यावर बघणाऱ्याची नजर कुठे जात असेल?

हे जुनं झालं म्हणाल, तर 2023 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना हाच डेव्हिड दाखवला, पालकांच्या तक्रारी आल्या, आणि मुख्याध्यापिकेला राजीनामा द्यावा लागला.

आता आपल्या मुंबईत या. 1954. जहांगीर आर्ट गॅलरी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिथे अकबर पदमसी या विशीतल्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. ‘लव्हर्स’ या चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. पोलीस म्हणाले, चित्र उतरवा. पदमसी म्हणाले, नाही उतरवणार. अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण 2023 मध्ये परदेशातून मुंबईत आणलेल्या सात कलाकृती कस्टमने अश्लील म्हणून अडवल्या. त्या होत्या फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि... बरोबर, अकबर पदमसी यांच्या! ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमचा आदेश रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, नग्न आहे म्हणजे अश्लीलच आहे, असं नाही. तोच चित्रकार, तेच शहर, तोच प्रश्न. मध्ये सत्तर वर्षं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून आमच्या धंद्याचंही सांगतो. ऑस्ट्रियात सापडलेली ‘विलेन्डॉर्फची व्हीनस’ ही साधारण 11 सेंटीमीटरची दगडी मूर्ती सुमारे 30,000 वर्षं जुनी आहे. फेसबुकने तिचा फोटो नग्नता म्हणून काढून टाकला. 2018 मध्ये यावर बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने चूक मान्य केली. फोटो तपासणारा प्रोग्रॅम त्वचा आणि आकार ओळखतो. ते कुणी, कशासाठी केलं, हे त्याला आपोआप कळत नाही. “चल पुढे” म्हणताना आपणही त्या प्रोग्रॅमसारखेच वागतो.

मग मुलांना सांगायचं काय? मला तीन प्रश्न कामाचे वाटतात.

पहिला: हे कशासाठी केलंय? डेव्हिडमध्ये मायकेलअँजेलोला माणसाच्या शरीराची ताकद, ताण, भीती दाखवायची होती. उलट उदाहरण घ्या. 1995 मध्ये टफ शूजच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे अंगावर फक्त बूट आणि एक अजगर घेऊन उभे होते. खटला 2009 पर्यंत चालला आणि सगळे सुटले. म्हणजे तो गुन्हा ठरला नाही. तरी मुलांना विचारता येतं, “बूट विकायला कपडे का काढावे लागले असतील?” उत्तर मुलंच देतात.

दुसरा: यात खरं माणूस आहे का, आणि त्याने हो म्हटलंय का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दगडाच्या मूर्तीची बदनामी होत नाही. पण वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर फिरला, किंवा ॲपने खोटा बनवला, तर एक जिवंत मुलगी शाळेत जाणं सोडते.

तिसरा: हे बघून तुला कसं वाटलं? घाण वाटलं, भीती वाटली, हसू आलं, काहीही चालेल. फक्त ते सांगितल्यावर ओरडा बसणार नाही, एवढी खात्री मुलाला हवी.

कारण वेरूळच्या मूर्तीबद्दल विचारलं म्हणून ज्या मुलीला गप्प केलं, ती उद्या कुणी तिच्याकडे फोटो मागितला तर आपल्याला सांगायला येणार नाही. मूर्तीचा प्रश्न सोपा होता. त्या प्रश्नावर बोलायची सवय लागली असती, तर अवघड प्रश्नही आपल्यापर्यंत पोचला असता.

मुंबईत असाल तर या रविवारी घरातल्या पोरांना जहांगीरला घेऊन जा. तिकीट लागत नाही. आणि प्रश्न आला, तर “चल पुढे” म्हणू नका, दोन मिनिटं थांबा.

भेटू पुढच्या भागात!