समुद्राचे वादळ आणि बालाघाटाची भाकरी

वादळ म्हटले की आपल्या जिल्ह्यातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे कोकणातील माडांच्या वाड्या आणि कोळीबांधवांच्या होड्या उभ्या राहतात. आपले संकट अवर्षणाचे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा वादळाचे दुःख किनाऱ्याचे, आपले नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, एवढेच आम्हांस येथे नम्रपणे निवेदन करावयाचे आहे.

किनाऱ्याने सोसलेले आघात थोडेथोडके नाहीत. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे प्राणास मुकली. पुढे १८६६ व १८७१ साली पावसानेही दगा दिला. वादळ आणि अवर्षण या दोन्ही आपत्तींनी दिलेल्या धड्यातून १८७५ साली भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवी सीमा भागात वाऱ्याने लोटलेला समुद्र गावांत शिरला व दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

या बंगालच्या उपसागराशी आपला संबंध काय? संबंध भाकरीचा आहे. भाद्रपद-आश्विनात तेथे कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात व पश्चिमेकडे सरकत मराठवाड्यापर्यंत पाऊस आणतात. त्याच ओलीवर आपली रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणजे ज्या वाऱ्याने किनाऱ्यावरील घर बुडते, त्याचेच शांत झालेले रूप आपल्या कणगीत धान्य घालते. हे ऋण आपण क्वचितच आठवतो.

परंतु तो वारा येथवर येताना नेहमीच शांत होतो असे नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी उपसागरातील एका तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने काकीनाड्याजवळ किनारा ओलांडला. काकीनाडा आपल्यापासून साडेसहाशे किलोमीटरांहून दूर. तरीही तेलंगण तुडवीत ते दुसऱ्याच दिवशी आपल्या दाराशी आले. तो अधिक आश्विन होता. तुळजापुरात घटस्थापनेस तीन दिवस उरले होते. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी शेतातच होत्या. तुळजापूर, लोहारा, उमरगा या तालुक्यांत ओढे-नाले पात्र सोडून शिवारात शिरले. पिके गेली, गंजी गेल्या, आणि कित्येक ठिकाणी काळी मातीच खरवडून गेली. पंढरपुरात त्याच दिवशी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा अंत झाला. पुढे शासनाने दहा हजार कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. पिकांसाठी हेक्टरी दहा हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे ठरले. पीक एका हंगामात पुन्हा येते. माती मात्र पिढ्यांनी साठते.

त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पूर्वसूचनेमुळे हजारोंना वेळीच सुरक्षित स्थळी नेता आले व प्राणहानी पुष्कळ टळली; परंतु श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवे झाड फळास येण्यास वर्षे लागतात. वाडी गमावलेला तो बागाईतदार आणि माती गमावलेला आपला शेतकरी, दोघांचे दुःख एकाच जातीचे आहे.

यातून आपण काय घ्यावे? किनाऱ्याने इशारा ऐकण्याची शिस्त प्राणांचे मोल देऊन शिकली. ती आपण फुकट घ्यावी. उपसागरात वादळ उठल्याची वार्ता येताच कापलेले पीक ओढ्याकाठी ठेवू नये, उंचवट्यावर हलवावे. आपल्या गावी पाणी कोठवर चढले होते, ती खूण वडीलधाऱ्यांना विचारून देवळाच्या वा चावडीच्या दगडावर कोरून ठेवावी. दुष्काळाच्या आठवणी आपल्या घरोघरी सांगितल्या जातात, पुराच्या मात्र विरून जातात. आणि विसरलेल्या पात्रातच पुढील पिढी घर बांधते. तसेच, किनाऱ्यावर पुन्हा संकट कोसळेल तेव्हा आपल्या ज्ञातिबांधवांनी मदतीचा हात पुढे करावा तो दयेने नव्हे, तर ऋणकोच्या कर्तव्यबुद्धीने, अशी आमची सर्वांस विनंती आहे.