संगणक ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमका कुठे थांबतो?

संगणक सुरू न होणे ही तक्रार संगणकाइतकीच जुनी आहे. तिचे मूळ त्याच्या रचनेतच आहे. आज्ञावली स्मृतीत असेल तरच यंत्र काम करते; पण रिकाम्या स्मृतीत ती आज्ञावली आणून ठेवण्याचे कामही यंत्रानेच करायचे, आणि त्यासाठी पुन्हा आज्ञावली हवीच. या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले ते स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला जमिनीवरून उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून.

केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हे यंत्र मे १९४९मध्ये चालू झाले. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी या कोड्याचे एक उत्तर शोधले. त्यांनी केवळ ३१ आज्ञा लिहिल्या आणि त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या जोडून टाकल्या. बटण दाबले की या आज्ञा स्मृतीत उतरत आणि कागदी पट्टीवरची पुढील आज्ञावली वाचू लागत. यंत्राला जन्मतः ठाऊक असलेले ज्ञान एवढेच. बाकी सारे त्याने वाचून घ्यायचे.

भारतात पहिला अंकीय संगणक आला तो १९५६मध्ये, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. ब्रिटिश बनावटीचा ‘एचईसी-२एम’. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचे प्रायोगिक यंत्र चालू झाले. त्यातून १९६०मध्ये जो पूर्ण संगणक उभा राहिला तो ‘टिफ्रॅक’. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. अशा यंत्रांच्या बाबतीत सुरू करणे हाच सर्वांत जोखमीचा क्षण असे. थंड तंतूचा विद्युतरोध कमी असतो, त्यामुळे कळ दाबताच त्यातून मोठा प्रवाह धावतो आणि एखादी दुबळी नलिका तिथेच मान टाकते. म्हणून त्या काळी अनेक ठिकाणी संगणक शक्यतो बंदच करत नसत. (घरातला पिवळा बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचा, याचे उत्तरही हेच.)

टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे हिस्टेरेसिसचे वक्र आठवतील. प्रवाह गेला तरी कड्याचे चुंबकन टिकते, म्हणून वीज गेल्यावरही अशी स्मृती विसरत नाही. सत्तरच्या दशकात तिची जागा अर्धवाहक स्मृतीने घेतली. ती वेगवान आणि स्वस्त. पण तिच्यातील विद्युतभार काही मिलिसेकंदांत गळून जातो आणि तो सतत भरत राहावा लागतो. वीज गेली की सारे पुसले. तेव्हापासून प्रत्येक सकाळी संगणक कोरी पाटी घेऊन उठू लागला आणि त्याचे पहिले धडे पुन्हा एकदा कायमस्वरूपी चिपमध्ये कोरून ठेवावे लागले.

भारताला याच दशकात एक वेगळा धडा मिळाला. १९७८मध्ये आयबीएमने भारतातील कारभार गुंडाळला. देशभरातील तिच्या यंत्रांची देखभाल ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे आली. दुसऱ्याने बांधलेले यंत्र, त्याचा निर्माता निघून गेलेला, आणि ते थांबले तर उठवायचे कोणी? या प्रश्नातून तयार झालेल्या अभियंत्यांच्या संस्थेनेच पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय प्रणाली उभी केली. आपल्या संगणकशास्त्राच्या इतिहासात नवनिर्मितीच्या मानाने दुरुस्तीला जागा फार कमी मिळते, हे मला खटकते.

१९८१च्या आयबीएम पीसीने सुरुवातीच्या क्रमाला आज आपल्याला परिचित असलेले रूप दिले. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे ‘बायोस’ची पहिली आज्ञा असते. बायोस आधी स्वतःचीच तपासणी करतो: स्मृती, चित्रपटल, कळफलक. मग डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलतो, तो तुकडा पुढच्याला उठवतो, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम येते. चित्रपटलच चालत नसेल तर दोष सांगायचा कसा? म्हणून ‘बीप’. कळफलक नसल्याचे सांगून वर ‘पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा’ असा सल्ला देणारा संदेशही याच परंपरेतला!

दोष शोधण्याची रीत या क्रमातूनच निघते. शेवटी यशस्वी झालेला टप्पा कोणता, हे आधी ठरवावे. पंखाही फिरत नसेल तर प्रश्न विजेचा. पंखा फिरतो, पडदा काळा आणि बीप ऐकू येतात: बहुधा स्मृतीच्या पट्ट्या किंवा चित्रपटलाचे कार्ड, पट्टी काढून संपर्कबिंदू स्वच्छ करून पुन्हा बसवल्याने पुष्कळ यंत्रे उठतात. निर्मात्याचे चिन्ह दिसते, पण ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश येतो: आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा, मग डिस्कवर संशय घ्यावा. घड्याळ वारंवार मागे जात असेल तर तीन व्होल्टची गोल बॅटरी संपली आहे. जुन्या उपकरणांना जोडलेले जुने संगणक आजही अनेक प्रयोगशाळांत आहेत. तिथे घाईने सिस्टिम नव्याने टाकणे म्हणजे कित्येक वर्षांच्या नोंदी गमावणे ठरू शकते. म्हणून डिस्क वाचता येत असेल तर पहिले काम तिची प्रत काढणे.

१९ जुलै २०२४च्या सकाळी हाच क्रम जगभर एकाच टप्प्यावर तुटला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तिचा ड्रायव्हर सुरुवातीच्याच टप्प्यात भरला जात असल्याने बहुतेक संगणक नेटवर्कपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळत होते; दुरुस्त फाइल दारापर्यंत आलेली, आणि दार उघडणारा झोपेत. ‘सर्ट-इन’ने दिलेला उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जा, ती फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. मात्र त्यासाठी एकेका यंत्रासमोर माणूस बसावा लागला, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर त्याच्या हाती ४८ अंकी किल्लीही असावी लागली. काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तोही बंदच होता.