वॉटर्लूच्या फलाटावर राहिलेली पिशवी

वॉटर्लू म्हटलं की आम्हा फौजी माणसांना नेपोलियन आठवतो. आज बोलायचंय ते लंडनच्या वॉटर्लू स्टेशनबद्दल.

साल १९१९. जुनी वाद्यं जमवणारे आणि घडवणारे आर्नोल्ड डोल्मेच लंडनमधला कार्यक्रम आटोपून सहकुटुंब हासलमिअरला परत निघाले होते. गडबडीत सात वर्षांच्या कार्लकडची पिशवी फलाटावरच राहिली. तिच्यात रेकॉर्डर होता. टेपरेकॉर्डर नव्हे हं, मीही आधी तेच समजलो होतो! ही तोंडात उभी धरायची लाकडी बासरी. ब्रेसाँ नावाच्या जुन्या कारागिरानं घडवलेली, डोल्मेचनी १९०५ मध्ये दोन पौंडांना घेतलेली.

सामान हरवलं की फौजेत चौकशी बसते. पण पोराला दटावून वाद्य थोडंच परत येणार? डोल्मेचनी त्याची मापं टिपून ठेवली होती, एवढंच हाती होतं. त्यावरून त्यांनी स्वतःच नवा रेकॉर्डर घडवला.

हे वाद्य मागे पडलं कशानं? जोरात फुंकलं की सूर चढतो, त्यामुळे आवाज फारसा वाढवता येत नाही. मोठ्या वाद्यवृंदात आडव्या बासरीनं त्याची जागा घेतली. हार्पसिकॉर्डचंही तेच. पट्टी दाबली की पिसाच्या देठाची नखी तार छेडते. कितीही जोरानं दाबा, आवाज जवळजवळ तेवढाच. म्हणून ही जोडी जमते. कुणीच कुणावर ओरडत नाही. रंग भरायचा तो थांबण्यातून, लयीतून, हरकतींतून. हँडेलच्या सोनाटांमध्ये हार्पसिकॉर्डवाल्याला फक्त खालचे स्वर आणि काही आकडे लिहून दिलेले असतात, उजव्या हातानं जागच्या जागी भरायचं. आपल्या पेटीवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

तोच कार्ल मोठा झाला आणि १९३९ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये रेकॉर्डर घेऊन उभा राहिला. हार्पसिकॉर्डवर जोसेफ सॅक्सबी. ही जोडी पुढे कित्येक दशकं टिकली. मध्येच महायुद्ध आलं, डोल्मेचांच्या कारखान्यात विमानांसाठी प्लॅस्टिकचे सुटे भाग बनू लागले. तो हात बसला आणि युद्धानंतर तिथे प्लॅस्टिकचे स्वस्त रेकॉर्डर निघाले. शाळकरी मुलांच्या दप्तरात वाद्य पोहोचलं ते असं.

आणि तो ब्रेसाँ? पुढे एका जुन्या सामानाच्या दुकानात सापडला, घरी परतला. माझ्या नातीकडे प्लॅस्टिकचा आहे. आत्तापर्यंत दोनदा शाळेच्या व्हॅनमध्ये विसरून आली आहे.