सुर्ल्याचा खाणपट्टा आणि कामगारांचे प्रशिक्षण : हातातले कसब कागदावर का यायला हवे?

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. एक सत्तरी तालुक्यात चोर्ला घाटाजवळ, कर्नाटकच्या हद्दीला लागून. दुसरे डिचोली तालुक्यात, साखळी-पाळीच्या खाणपट्ट्यात. इथे विषय आहे तो दुसऱ्या सुर्ल्याचा. लोहखनिज काढायचे, ट्रकने मांडवीच्या काठावर न्यायचे, तिथून बार्जने मुरगाव बंदरात पाठवायचे, या साखळीवर या भागातली अनेक घरे पिढ्यान् पिढ्या चालली.

काम शिकायची जुनी रीत

खाणीवरचे बरेचसे काम बघून बघूनच शिकले जायचे. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलेला पोरगा पुढे ड्रायव्हर व्हायचा. वर्कशॉपमध्ये पाने देणारा हेल्पर काही वर्षांत डंपरचे इंजिन खोलायचा. शिकवणारा उस्ताद आणि शिकणारा चेला, बस्स. यातून पक्के कारागीर तयार झाले, पण त्यांच्या कसबाची नोंद कुठेच झाली नाही.

कायदा काय सांगत आला?

खाणीत प्रशिक्षण ही मालकाची मर्जी कधीच नव्हती. १९५२ च्या खाण कायद्याखाली १९६६ मध्ये व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम आले. नव्या कामगाराला प्राथमिक प्रशिक्षण, जुन्याला ठरावीक काळाने उजळणी आणि जोखमीच्या किंवा वेगळ्या कामासाठी विशेष प्रशिक्षण, अशी त्यांची रचना. मेट, फोरमन, ब्लास्टर आणि मॅनेजर या पदांसाठी तर स्वतंत्र सक्षमता प्रमाणपत्र लागते. धनबाद येथे मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय यावर देखरेख ठेवते.

याचा मुख्य रोख सुरक्षेवर. दरड कधी कोसळू शकते, सुरुंग लावताना किती लांब राहायचे, मागे येणाऱ्या डंपरचा चालक कुठे बघू शकत नाही, हे माहीत नसेल तर जीव जातो. म्हणून खाणीत प्रशिक्षण म्हणजे आधी जीव वाचवणे, मग उत्पादन वाढवणे.

खाणी थांबल्या तेव्हा

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत वाट मोकळी केली. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा ठप्प. पुढे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून उत्खनन परत सुरू झाले.

या मधल्या काळात खरा प्रश्न पुढे आला. वीस वर्षे एक्स्कॅव्हेटर चालवलेला माणूस दुसरीकडे नोकरी मागायला गेला की पहिला सवाल, "सर्टिफिकेट आहे?" हातात कसब, पण दाखवायला कागद नाही. ट्रकचालकांची गोष्ट आणखी वेगळी. जड वाहनाच्या परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले, तर तो नव्याने मिळवताना पुन्हा चाचणी द्यावी लागते. गाडी उभी राहिली म्हणून परवान्याकडे दुर्लक्ष केलेल्यांना हे महागात पडते.

कंपनीचे शिक्षण आणि कामगाराचे शिक्षण

आधुनिक आस्थापनांत प्रशिक्षणाचे दोन भाग पडतात. एक त्या कंपनीपुरते : तिचेच मशीन, तिचीच पद्धत. दुसरे कुठेही चालणारे : वेल्डिंग, हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल देखभाल, संगणकावर नोंदी ठेवणे. कंपनीला पहिल्यावर खर्च करायला आवडते, कारण शिकलेला माणूस सहसा तिथेच राहतो. पण धंदा बंद पडला तर घर चालवते ते दुसरे. आमोण्याच्या लोखंड कारखान्यात, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पेडण्यात मोपा विमानतळावर, वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतातच. मोपाहून प्रवासी विमानसेवा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

आज कोणते मार्ग आहेत?

आयटीआय : डिचोलीत सरकारी आयटीआय आहे. दहावीनंतर ट्रेड शिकायचा हा सरळ रस्ता.

अप्रेंटिसशिप : १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनाने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक. शिकता शिकता विद्यावेतनही मिळते.

आधीच्या कौशल्याला मान्यता : कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची ही पद्धत, केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. खाणपट्ट्यातल्या अनुभवी हातांना सर्वांत उपयोगी हीच.

काय जपून ठेवावे?

प्रशिक्षणाचा दाखला, हजेरीची नोंद, अनुभवपत्र, परवाना आणि वैद्यकीय तपासणीचा कागद यांची प्रत प्रत्येक कामगाराने स्वतःकडे ठेवावी. ऑफिसच्या फाईलवर विसंबून राहू नये. ऑफिस बंद झाले की फाईल मिळत नाही. मालकानेही काम सुटताना अनुभवपत्र द्यावे आणि त्यात फक्त पद न लिहिता कोणते मशीन, कोणते काम, किती वर्षे हे लिहावे.

लोहखनिज कधी ना कधी संपणारच, आणि त्याआधीही काम थांबू शकते, हे सुर्ल्याच्या पट्ट्याने दोनदा पाहिले आहे. म्हणून खाणी चालू असतानाच, हातात पगार असतानाच, दुसरे एखादे काम शिकून त्याचा कागद हाती घेणे हेच शहाणपणाचे.