अक्यूट किडनी इंजुरी: बिघाड नलिकांत की गाळणीत?

किडनीचे काम काही तासांत किंवा दिवसांत झपाट्याने मंदावते, त्याला ‘अक्यूट किडनी इंजुरी’ म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिन ७ दिवसांत दीडपट झाले, तरी हे निदान होते. मात्र क्रिएटिनिन फक्त बिघाड झाल्याचे सांगते; तो कुठे झाला, हे सांगत नाही. उपचार तर त्यावरच ठरतात.

किडनी काम कसे करते?
प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गाळणी (ग्लोमेरुलस) असते आणि तिला जोडून नलिका. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. नलिका त्यातला बहुतेक भाग रक्तात परत घेतात. उरते ती एक-दोन लिटर लघवी.

नलिकांना इजा
तीव्र जुलाब, मोठा रक्तस्राव, सेप्सिस, घोणसाचा दंश किंवा जेंटामायसिन, अमिकासिनसारखी औषधे यांमुळे नलिकांच्या पेशी मरतात. लघवीत मातकट तपकिरी कण (कास्ट) दिसतात. मूळ कारण दूर केले, तर या पेशी पुन्हा तयार होतात. त्यामुळे अनेकांची किडनी काही आठवड्यांत सुधारते. तोवर काहींना तात्पुरते डायलिसिस लागते.

गाळणीवर हल्ला
ल्युपस किंवा एएनसीए व्हॅस्क्युलायटिससारख्या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच गाळणीवर उलटते. बायोप्सीत गाळणीभोवती चंद्रकोरीच्या आकाराचे पेशींचे थर दिसतात. लघवीत रक्त, प्रथिने आणि लाल पेशींचे कास्ट सापडतात.

इथे वाट पाहून चालत नाही. स्टेरॉइड, सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रितुक्सिमॅब आणि काही रुग्णांत प्लाझ्मा एक्स्चेंज, असे उपचार तातडीने सुरू करावे लागतात. उशीर झाला, तर गाळणीत कायमचे व्रण तयार होतात आणि कायम डायलिसिसची वेळ येऊ शकते.

गल्लत कुठे होते?
जुलाब झाले होते, पेनकिलर घेतली होती, म्हणजे नलिकांनाच इजा झाली असेल, असे गृहीत धरले जाते. पण त्याच रुग्णाला गाळणीचा आजारही असू शकतो. म्हणून क्रिएटिनिन वाढले असेल, तर लघवीची तपासणी झाली का, तिच्यात रक्त आणि प्रथिने आहेत का, हे डॉक्टरांना विचारा.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?
• लघवी फार कमी झाली
• लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची किंवा फेसाळ दिसली
• चेहऱ्यावर, पायांवर सूज आली
• खोकल्यातून रक्त पडले